पावसाआधीची बांधबंदिस्ती : मुंबईतील गोराईच्या भातखाचरांसाठी सूचना

येत्या रविवारी सकाळी ७ वाजता सर्वांनी बांधावर यावे. कुदळ, फावडे, घमेले, कोयता आणि गमबूट आणावेत.

खेकड्याचे बीळ नुसते तोंडाशी लिंपू नका, आतून पाणी झिरपून पहिल्याच मोठ्या पावसात बांध फुटतो. बीळ शेवटापर्यंत उकरा, खाचरातलीच चिकणमाती ओलसर करून वीतभर थराने भरा आणि प्रत्येक थर धुम्मसाने ठोका. डेब्रिज (बांधकामाचा राडारोडा) अजिबात नको, फुकट मिळत असले तरी.

उघाडीचे (बांधातून पाणी बाहेर सोडणाऱ्या दाराचे) झाप हाताने उघडून-मिटून बघा. फटीत एक प्लास्टिकची पिशवी अडकली तरी भरतीचे खारे पाणी आत शिरते; मग भात आणि गोड्या पाण्यातली कुमुदिनी, दोन्ही जातात.

पाणकणीस (पाण्यात वाढणारे उंच, कणसासारख्या तुऱ्याचे गवत) बुंध्याशी कापा. पाणी चढून खुंट बुडाले तरच ते कुजतात. एक तृतीयांश मात्र राखा, जांभळ्या पाणकोंबड्या त्यातच घरटी करतात. जलपर्णी बांधावर टाकू नका, सरीसोबत परत पाण्यात येते.

वलगणीचे, म्हणजे पहिल्या पावसात अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध येणारे मासे चढताना मोरीला जाळे लावू नये. डासांसाठी गप्पी मासे सोडू नयेत.

२०१७च्या पाणथळ नियमांच्या व्याख्येतून भातखाचरे वगळलेली आहेत, म्हणजे त्या नियमांचे संरक्षण आपल्याला नाही; पुरावा आपणच ठेवायचा, म्हणून कामाआधीचे व नंतरचे फोटो तारखेसह ग्रुपवर टाका.