चिपर घेतोयस म्हणून

सातारा, सोमवार

चि. विजयास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर त्या चिपरचं, फांद्या बारीक करायच्या मशीनचं बोलताना "आई, तुला त्यातलं काय कळतंय" म्हणालास आणि मी फोन ठेवला. राग गेला आता. पण कडबाकुट्टीवर माझा जन्म गेलाय, तेवढं तरी कळतंय.

मिरजेचा तो माणूस त्याचं जुनं मशीन तुला विकताना दोनच हंगाम चाललंय म्हणतो. म्हणू दे. नव्या रंगावर भुलू नकोस. ट्रॅक्टर बंद ठेवून ड्रम फिरवून बघ; खरखरला, खुळखुळला तर बेअरिंग गेलंय. पात्यांच्या बैठकीला वेल्डिंग मारलेलं दिसलं तर तिथं चहासुद्धा पिऊ नकोस, सरळ घरी ये. मग चालू करून एखादी फांदी घालायला सांग. कपच्या स्वच्छ पडल्या तर पाती बरी, दोरे निघाले तर बोथट. धार लावून मिळते, पण सगळी पाती एका मापानं घासून घे, नाहीतर ड्रमचा तोल जातो आणि अख्खं मशीन थरथरतं.

आणि अडकलं तर आत हात घालायचा नाही. हे लिहायचं नाही असं ठरवून बसले होते.

तात्या बशी कशी धरतात ते बघतोसच. त्या दिवशी वैरणीच्या पेंढ्या मीच देत होते. कडबा अडकला, त्यांनी बटण बंद केलं आणि हात घातला. बटण बंद होतं रे, चाक थांबलं नव्हतं. चिपरचा ड्रम तर त्याहून जड. ट्रॅक्टरवरून त्याला फिरवणारा पीटीओ सोडला तरी तो फिरत राहतो. ट्रॅक्टर बंद, चावी खिशात, ड्रम थांबलेला डोळ्यांनी बघायचा, मगच झाकण उघडायचं.

परत तेच सुरू झालं माझं. लहान पोराला सांगावं तसं सांगतेय, रागावू नकोस.

द्राक्षाच्या खरड छाटणीच्या काड्या बांधावर पेटवायच्या नाहीत, बारीक करून बागेतच कुजवायच्या, हे तुझं मला पहिल्यापासून पटलंय. आण्णा असते तर पारावर बसून चारचौघांना सांगितलं असतं. फक्त काड्यांतले तारेचे तुकडे आधी वेचून काढ, पात्यांची वाट लागते. आणि एकट्यानं चालवू नकोस. सुनीलशी बोलत नसलास तरी त्याला बोलव.

पैसे कमी पडले तर माझ्या कपाटातल्या डब्यातले घे, ताईला सांगू नकोस. पण त्यातून आधी पीटीओ शाफ्टचं कव्हर आण. तो शाफ्ट मिनिटाला 540 फेरे घेतो, शर्टाचं टोक धरलं तर ओरडायलाही वेळ मिळत नाही. कव्हर बसल्याशिवाय एक काडीसुद्धा घालायची नाही.

तुझी,
आई