नदीच्या वळणातलं गाव

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. 'तू राहतोस ते गाव नक्की केवढं, शिकागोत मोडतं की बाहेर, आणि माणसं किती?' असं तू विचारलं आहेस. २०१० साली जनगणनेच्या घरयादीच्या कामाला तू उन्हातान्हात हिंडलास आणि रात्री जागून तुझ्या गटाचा नजरी नकाशा काढलास, तो मला अजून आठवतो. म्हणून तुला उत्तर द्यायचं तर तसाच नकाशा काढावा असं ठरवलं आणि गेले तीन रविवार कागद-पेन्सिल घेऊन गावभर फिरलो.

आमचं रिव्हरसाइड हे शिकागोच्या मध्यभागापासून पश्चिमेला साधारण चौदा किलोमीटरवर आहे. शिकागोत मोडत नाही. १८७५ पासून त्याचा स्वतःचा कारभार आहे. क्षेत्रफळ दोन चौरस मैल, म्हणजे जेमतेम पाच चौरस किलोमीटर. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या ९,२९८ भरली आणि त्यात आम्ही चौघं आहोत. तो फॉर्म मी भरला, तेव्हा सगळं बंद होतं, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. चार नावं भरताना फार बरं वाटलं होतं. आपण कुठेतरी मोजले गेलो, एवढंच.

नकाशाला पूर्वेकडून सुरुवात केली, कारण ती कडा सोपी आहे. हार्लेम अव्हेन्यू हा सरळ उत्तर-दक्षिण रस्ता, त्याच्या पलीकडे बर्विन हे शहर. मी त्या रस्त्याच्या कडेला बराच वेळ उभा होतो. पलीकडे पट्टीने आखल्यासारखे रस्ते, काटकोनात चौक, विटांची बुटकी घरं एकमेकांना जवळजवळ खेटून. अलीकडे एकही रस्ता सरळ जायला तयार नाही. बर्विनचं क्षेत्रफळ आमच्या दुपटीपेक्षा थोडं कमी, पण माणसं ५७,२५०. म्हणजे जागा दुप्पट आणि माणसं सहापट. मधे नदी नाही, डोंगर नाही, फक्त एक रस्ता आहे. तुझ्यासारख्या भूगोलाच्या मास्तराला हे कोडं घालावं असंच आहे.

उत्तर १८६८ सालात आहे. हा सगळा भाग म्हणजे हिमयुगातल्या एका मोठ्या सरोवराचा तळ, त्यामुळे सपाट, आणि तेव्हा पावसात चिखलाने भरलेला. त्यात डेस प्लेन्स नदी इथे वळण घेते, काठ जरा उंच आहे, ओक आणि हिकरीची झाडं आहेत. शिवाय आगगाडी नुकतीच इथून जाऊ लागली होती. काही गुंतवणूकदारांनी सोळाशे एकर जमीन घेतली आणि आखणीचं काम दिलं फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड आणि कॅल्व्हर्ट व्हॉक्स यांना. न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क ज्यांनी आखलं, तेच दोघं. त्यांनी रस्ते मुद्दाम वळणावळणाचे केले. घाईने जाण्यासाठी सरळ रस्ता आणि निवांत राहण्यासाठी वळणाचा, असा त्यांचा विचार होता. घरं रस्त्यापासून तीस फूट आत. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नदीकाठची जमीन विकायला न काढता सगळ्यांसाठी मोकळी ठेवली.

वळणाचे दोन रस्ते एकत्र आले की मधे त्रिकोणी तुकडा उरतो. असे लहान-मोठे चाळीसएक तुकडे गावात आहेत. आमच्या घराजवळचा मी पावलांनी मोजला. लांब बाजू एकसष्ट पावलं, आखूड बाजू बावीस. त्यात दोन जुने ओक, एक बाक, आणि कोपऱ्यावर गॅसचा दिवा. हो, रस्त्यावरचे दिवे इथे अजून गॅसवर जळतात. संध्याकाळी त्या दिव्याचा पिवळसर उजेड जेमतेम बुंध्यापर्यंत पोचतो, आणि जरा वारा सुटला की काचेतली ज्योत थरथरते. बर्विनमध्ये एवढ्या जागेत दोन-तीन घरं सहज बसली असती. इथे दीडशे वर्षांत एकही बसलं नाही.

म्हणूनच लोकसंख्येचे आकडे बघ: २००० साली ८,८९५, २०१० साली ८,८७५. दहा वर्षांत वीस माणसांचा फरक! मुलं जन्मली, म्हातारे गेले, घरं विकली गेली, आणि बेरीज जवळपास तीच. २०२० पर्यंत चारशेवर माणसं वाढली खरी, पण गावाला पसरायला जागाच नाही. उत्तरेला नॉर्थ रिव्हरसाइड, पश्चिमेला ब्रुकफील्ड, नदीपलीकडे लायन्स, सगळी वेगळी गावं.

ज्यांनी हे उभं केलं, त्यांच्या पदरात मात्र फार काही पडलं नाही. १८७१ मध्ये शिकागो जळालं, पैसा आणि कारागीर तिकडे गेले. १८७३ च्या मंदीत कंपनी बुडाली. आराखडा तेवढा टिकला.

तुला एक गोष्ट मोकळेपणाने सांगतो. ही मोकळी जमीन मला जितकी आवडते, तितकीच ती कधी कधी टोचते. कमी घरं म्हणजे महाग घरं. हार्लेमच्या पलीकडे आधी चेक लोकांची दाट वस्ती होती, आता निम्म्याहून जास्त लोक लॅटिनो आहेत. पिढ्यान्‌पिढ्या कष्ट करून माणसं शिकागोहून एकेक गाव पश्चिमेला सरकत आली. त्यातल्या काहींनाच हा रस्ता ओलांडता आला. हिरवळ भिंतीसारखी दिसत नाही, पण काम भिंतीचंच करते. आम्हालाही इथे भाड्याची जागा मिळायला आठ महिने लागले होते.

आता नदी. तिच्यासाठी मी दोन रविवार दिले. हार्लेमने दक्षिणेला काही मैल गेलं की ती जुनी जागा येते, जिथे लोक होडी डेस प्लेन्सच्या पाण्यातून काढून खांद्यावर घेत आणि पलीकडे शिकागो नदीच्या बाजूच्या पाण्यात सोडत. १६७३ मध्ये फ्रेंच धर्मगुरू झाक मार्केत आणि त्याचा सोबती शोधप्रवासी लुई झोलिए तिथूनच गेले. दोन पाण्यांमधल्या जमिनीची उंची एवढी किरकोळ की डोळ्यांना कळत नाही, पण ती खंडाची जलविभाजक रेषा आहे. आमच्या अंगणात पडलेलं पाणी डेस प्लेन्समधून इलिनॉय नदीत, तिथून मिसिसिपीत आणि शेवटी मेक्सिकोच्या आखातात जातं. शिकागो नदीचं पाणी मात्र पूर्वेला मिशिगन सरोवरात जायचं, १९०० साली कालवा काढून ते उलट फिरवेपर्यंत.

गावाशेजारी नदीवर बंधारा होता. आम्ही आलो त्याच्या पुढच्याच वर्षी, २०१२ मध्ये, तो फोडला. आधी वरच्या अंगाला पाणी तुंबून गढूळ असायचं. आता ते दगडांवरून खळखळत जातं आणि बगळे उथळ पाण्यात एका पायावर उभे असतात. एप्रिल २०१३ मध्ये मात्र पूर आला. मी सकाळी काठावर गेलो तर काठच नव्हता. बाकाची फक्त पाठ पाण्यावर दिसत होती. सखल भागातल्या कितीतरी घरांच्या तळघरांत पाणी शिरलं, एका शेजाऱ्याला आम्ही रात्रभर बादल्यांनी मदत केली. पण मोकळ्या ठेवलेल्या काठाने बरंच पाणी पोटात घेतलं, हे त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. तिथे घरं असती तर काय झालं असतं, ते तू समजू शकतोस.

नकाशा सोबत पाठवत आहे. पट्टी एकदाच वापरली आहे, पूर्वेच्या कडेला. त्रिकोण हिरव्या पेन्सिलीने भरलेत, त्यातले चार-पाच माझ्याकडून राहिले असतील. नदीच्या दोन्ही अंगांना तुटक रेघ आहे, ती २०१३ चं पाणी मला जिथपर्यंत दिसलं तिथली. आमच्या घरावर फुली केली आहे. तुझा तो जुना नकाशा अजून जपून ठेवला असशील तर त्याचा फोटो पाठव. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
जुना बाकसोबती