मूकपटांतला तोतया

महोदय,

मूकपटांतल्या तोतयेगिरीच्या विनोदाला बाळबोध म्हणणे अन्यायाचे आहे. फ्रेंच विनोदी नट मॅक्स लिंडरचा ‘सेव्हन इयर्स बॅड लक’ (१९२१) पाहावा. नोकरांच्या हातून मालकाचा मोठा आरसा फुटतो. ते लपवायला स्वयंपाकी मालकाच्या वेषात रिकाम्या चौकटीमागे उभा राहतो आणि त्याची प्रत्येक हालचाल उतरवतो. इथे सगळी भिस्त दोन नटांच्या तालमीवर. मालकाचा उजवा हात वर गेला की समोरच्याचा डावाच जायला हवा. सवयीने उजवा उचलला की भास संपला. दोघे एकाच वेळी पडद्यावर दिसायला हवेत, नाहीतर प्रेक्षक तुलना कशाची करणार?

अमेरिकन विनोदी नट बस्टर कीटनने त्याच साली उलटी वाट धरली: दोन नटांऐवजी एकच नट आणि कॅमेऱ्याची करामत. ‘द प्लेहाउस’मध्ये नऊ कीटन एका रांगेत दिसतात. लेन्सपुढे नऊ झडपा. एका वेळी एकच उघडायची, तेवढा भाग चित्रित करायचा, फिल्म मागे गुंडाळायची, मग पुढची झडप. कॅमेरामन एल्जिन लेस्ली हँडल हाताने फिरवत. वेग जरा बदलला की नऊ जणांचा ताल बिघडलाच, आणि आठव्या खेपेची चूक म्हणजे आधीच्या सातही वाया!

आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांच्या ‘लंका दहन’मध्ये (१९१७) नट अण्णा साळुंके राम आणि सीता दोन्ही झाले होते. तो विनोद नव्हे, पण वेषाची किमया तीच.

चित्रपट मंडळांनी हे पट दाखवताना आरशाचा प्रसंग कृपया न कापता दाखवावा.

– एक वाचक, पुणे