कृषीमंत्री साहेब, अर्धं रान उपटायचा रोजगार कुणी द्यायचा?

माननीय केंद्रीय कृषीमंत्री साहेब, नमस्कार.

मी कर्नाटकातल्या अथणी तालुक्यातली, मिरजेच्या बाजूला असलेल्या एका गावातली शेतकरी बाई. मराठीत लिहितेय कारण कानडी फाडफाड बोलता येतं पण लिहायला बसलं की हात अडतो, आणि आमची हिंदी टीव्हीपुरती. ऑफिसात कुणीतरी वाचून सांगेल तुम्हाला.

विषय हायब्रीड मोहरीचा आहे. आता तुम्ही म्हणाल अथणीत कुठली मोहरी, खरंय, आमच्याकडं मोहरी फोडणीच्या डब्यात, रानात शाळू, हरभरा आणि करडई. पण 3 ऑक्टोबर 2024 ला तेलबियांचं मिशन मंजूर झालं, 10,103 कोटींचं, त्यात पिकांच्या यादीत मोहरीचं नाव पहिलं आणि 65 नवीन बियाणे हब, म्हणजे बियाणं तयार करायची केंद्रं, होणार असं वाचलं. आणि हायब्रीड मोहरीच्या बियाण्यात जी भानगड आहे ना, तीच मी करडईत स्वतःच्या हातानं निस्तरलीय, म्हणून चार शब्द बोलते.

मोहरीच्या फुलात नर-मादी एकाच घरात. सहा पुंकेसर, चार लांब दोन आखूड, मधे बीजकोश, बाहेरून कुणी नाही आलं तरी त्याचं भागतं. मग दोन जातींचा संकर, म्हणजे हायब्रीड, कसं करायचं? कापसात बायका संध्याकाळी कळीतला नर खुडतात आणि सकाळी दुसऱ्या जातीचा पराग लावतात, धारवाडची वरलक्ष्मी 1972 ला आली तेव्हापासून आपल्या भागानं हे बघितलंय. पण मोहरीची कळी केवढी आणि एका शेंगेत दाणे किती, पंधरा-वीस, एवढ्यासाठी बाईमाणूस दिवसभर वाकवायचं म्हटलं तर बी सोन्याच्या भावात जाईल. म्हणून ज्या झाडाला मुळात परागच होत नाही असं झाड मादी म्हणून धरायचं. पुस्तकात त्याला नरवंध्य म्हणतात. आमच्या रानातल्या बायका सरळ वांझ म्हणायच्या, मी म्हटलं अगं वांझ कशी, बी तर तीच धरते, दोष बाप्याच्या अंगात आहे, तर बांधावर हसून लोळायच्या राहिल्या.

हा दोष पेशीच्या केंद्रकातल्या जीनचा, म्हणजे वारशानं येणाऱ्या गुणाचा, असला तर तो आई-बाप दोघांकडून आला तरच दिसतो. असं झाड स्वतःचं बी स्वतः करू शकत नाही, मग ती लाईन टिकवायला त्याचंच एक भावंड लागतं, वरून धडधाकट पण आत एक दोषी जीन लपवून बसलेलं. त्या दोघांचं बी पेरलं की अर्धी झाडं नरवंध्य, अर्धी चांगली. दरवर्षी अर्धी-अर्धी, आणि ती चांगली अर्धी मादीच्या ओळीतनं फूल फुटायच्या बेताला उपटून टाकावी लागतात, नाहीतर मधमाशी त्यांचाच पराग नेऊन शेजारणीला लावणार आणि ते बी हायब्रीड राहणार नाही.

आता माझं सांगते. काही वर्षांमागं एकानं करडईचा हायब्रीड बियाणे प्लॉट दिला, एक एकर, नाव घेत नाही. भाव चांगला सांगितला, बी दाट टोका म्हणाले, का दाट ते नाही सांगितलं. अर्धं उपटायचंय हे मला कळलं ते बोंडं धरल्यावर. सकाळी दहाच्या आत प्रत्येक झाडाच्या पहिल्या बोंडाला बोट लावून बघायचं, पिवळी पूड लागली की झाड मुळासकट बाहेर. करडईचे काटे तुम्हाला माहीत असतील नसतील, हातमोजे घातले तर पूड कळत नाही, नाही घातले तर हात रक्तबंबाळ, शेवटी बायकांनी मोज्याचं एक-एक बोट कात्रीनं कापून काढलं आणि त्या उघड्या बोटानं सगळा एकर तपासला. आणि नेमकी मार्गशीर्ष पुनवेला सौंदत्तीला यल्लम्माची जत्रा. अकरातल्या नऊ जणी गेल्या, त्यांना थांबा म्हणायची माझी काय टाप. तीन दिवसांनी आल्या तर मादीच्या ओळीत पिवळीधमक बोंडं फुलून मधमाश्या घुमायला लागलेल्या. तपासणीला आलेल्या माणसानं दहा मिनिटं फिरून प्लॉट नापास केला. करडई घाण्याला घातली. तेल चांगलं निघालं हो, पण उपटायचा रोजगार माझ्या अंगावरच बसला.

आणि हे आम्हालाच जमलं नाही असंही नाही. हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेनं 1991 ला तुरीचं आयसीपीएच-8 काढलं, कडधान्यातलं जगातलं पहिलं हायब्रीड, उत्पन्न चांगलं होतं पण बियाण्याच्या प्लॉटात हीच अर्धी उपटणी, म्हणून ते शेतकऱ्यापर्यंत पसरलंच नाही. पुढं रानटी तुरीपासून पेशीद्रव्यातलं, म्हणजे केंद्रकाच्या बाहेरचं, नरवंध्यत्व मिळालं तेव्हा गाडी पुढं सरकली, कारण त्यात मादीच्या ओळी सगळ्याच्या सगळ्या बिनपरागाच्या असतात.

मोहरीवाल्यांनी यावर डोकं लावलंय. बेल्जियममधे 1990 च्या सुमाराला एका बॅक्टेरियाचा जीन घालून पराग मारला आणि त्यालाच तणनाशक सोसायचा जीन जोडला, म्हणजे फवारा मारला की पराग देणारी अर्धी झाडं आपोआप जळतात, बाई लागतच नाही. आपल्या दिल्लीत काढलेली डीएमएच-11 ही हायब्रीड मोहरी त्याच पद्धतीवर आहे. ऑक्टोबर 2022 ला जीईएसीनं, म्हणजे जीन बदललेली पिकं तपासणाऱ्या केंद्राच्या समितीनं, तिची शिफारस केली, जुलै 2024 ला त्या परवानगीवर सुप्रीम कोर्टाच्या दोन न्यायाधीशांचं एकमत झालं नाही, त्या वादात मला पडायचं नाही. पण चीनमधे जीन बाहेरून न घालता एक वाट काढलीय ती मला जास्त पटते. तिथं मोहरीच्या नात्यातल्याच रेपसीडमधे केंद्रकातल्या नरवंध्यत्वाला एक तिसरी लाईन जोडतात, तात्पुरती सांभाळणारी म्हणा. अर्धी उपटणी होते ती आधीच्या पायरीवर, छोट्या प्लॉटात, आणि त्या झाडांवर तिसरीचा पराग घेऊन जे बी मिळतं ते सगळंच नरवंध्य निघतं. तेच मोठ्या रानात मादी म्हणून पेरायचं. कष्ट संपले नाहीत, जागा बदलली, शेतकऱ्याच्या एकरातनं उठून संस्थेच्या काही गुंठ्यांत गेली.

माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या 65 हबातनं जेव्हा बियाणे प्लॉट वाटाल तेव्हा मादीचं बी सगळं नरवंध्य आहे की अर्धं-अर्धं हे करार करायच्या आधी तोंडावर सांगा, आणि अर्धं-अर्धं असेल तर उपटणीचा रोजगार एकरी वेगळा धरा, प्लॉट पास होवो न होवो. बियाण्याच्या भावात तो धरलाय म्हणून सांगू नका, नापास प्लॉटाला भाव कुठला. आणि तो कागद आमच्या सीमाभागात कानडीबरोबर मराठीतही छापा, सही करणाऱ्याला वाचता आला पाहिजे. तुमचे शास्त्रज्ञ करडईतही ती तिसरी लाईन बसते का बघतील तर फारच बरं, पण ते व्हायला वर्षं जातील आणि रोजगाराचं तुम्ही एका पत्रकानं करू शकता.

आमच्याकडं करडई सप्टेंबरात टोकतात. यंदा गावात परत कुणीतरी प्लॉट विचारत फिरतोय, भाव चांगलाच सांगतोय. जाऊबाई घ्यायचं म्हणतेय, मी तिला तुमचं उत्तर येईतो थांब म्हटलंय.

आपली,
अथणी तालुक्यातली एक शेतकरी