मत देण्याआधी

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

फंडात शेअर निवडण्याचं काम मिळालं नाही, वार्षिक सभांच्या ठरावांवर मतदान करायच्या विभागात टाकलं, म्हणून तू खट्टू आहेस. माझं मत अगदी उलटं आहे. उदयोन्मुख बाजारात नफा होतो, पण तो छोट्या भागधारकापर्यंत पोचेलच असं नाही. वाटेत कुठे मुरतो ते तुझ्याच टेबलावर दिसणार आहे.

अमेरिका-ब्रिटनमध्ये मालकी विखुरलेली, म्हणून तिथली भीती मुजोर व्यवस्थापकांची. भारत, कोरिया, ब्राझील इथे बऱ्याच कंपन्यांत प्रवर्तक (कंपनी काढून तिचा ताबा ठेवणारं) कुटुंब किंवा सरकार ठाण मांडून असतं. इथला तंटा मोठा भागधारक विरुद्ध छोटा असा आहे. त्यामुळे ‘स्वतंत्र संचालक किती, समित्या आहेत का’ असल्या रकान्यांवर फार विसंबू नकोस. सत्यम कॉम्प्युटर्स या आयटी कंपनीकडे हे सगळं होतं. 16 डिसेंबर 2008 ला प्रवर्तक कुटुंबाच्याच दोन मेटास कंपन्या सुमारे 1.6 अब्ज डॉलरना घ्यायचा प्रस्ताव आला, आणि नामांकित मंडळींनी भरलेलं संचालक मंडळ एकमताने ‘मम’ म्हणून मोकळं झालं. अडवलं ते गुंतवणूकदारांनी. न्यूयॉर्कमध्ये शेअर कोसळला, संस्थांनी आरडाओरडा केला आणि काही तासांत सौदा गुंडाळावा लागला. 7 जानेवारी 2009 ला सत्यमचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी कबुली दिली: ताळेबंदातली 5,040 कोटींची रोकड आणि बँकशिल्लक खोटी होती आणि ते भगदाड मेटासच्या मालमत्तेने बुजवायचं होतं.

पण संस्था म्हणजे आपोआप पहारेकरी, असंही समजू नकोस. 17 जुलै 2015 ला कोरियात सॅमसंग समूहातल्याच सॅमसंग सी अँड टी आणि चेइल इंडस्ट्रीज या दोन कंपन्यांच्या विलीनीकरणावर मतदान झालं. सी अँड टीच्या एका शेअरला चेइलचे 0.35 शेअर, हा भाव अनेक भागधारकांना डाचत होता. दोन-तृतीयांश मतं हवी होती, पडली 69.53 टक्के. सी अँड टीचे सुमारे 11 टक्के शेअर असलेल्या, कोरियाच्या राष्ट्रीय पेन्शन सेवेने बाजूने मत दिलं. ती विरोधात गेली असती तर ठराव पडला असता. पुढे तिच्यावर दबाव आणल्याबद्दल माजी मंत्री आणि प्रक्रियेत गडबड केल्याबद्दल तिचे गुंतवणूक प्रमुख तुरुंगात गेले. (विलीनीकरणाच्या खटल्यात सॅमसंगचे प्रमुख मात्र 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयातही निर्दोष ठरले.) निवृत्तिवेतनाचा पैसा, आणि कुंपणच शेत खातंय!

आता कामाचं. वार्षिक अहवाल हाती आला की अध्यक्षांचं भाषण सोड, थेट संबंधित पक्षांशी (प्रवर्तक, त्यांचे नातलग, समूहातल्या कंपन्या) झालेल्या व्यवहारांची टीप उघड. तीन वर्षांचे आकडे शेजारी शेजारी मांड. मूळ कंपनीला जाणारी रॉयल्टी विक्रीपेक्षा वेगाने वाढतेय? समूहातल्या, शेअर बाजारात नोंदणी नसलेल्या कंपनीला दिलेलं कर्ज दरवर्षी नव्याने मुदतवाढ घेतंय? मग प्रवर्तकांनी किती शेअर तारण ठेवलेत ते बघ. लेखापरीक्षक मुदतीआधी ‘वैयक्तिक कारणास्तव’ गेला असेल, तर पुढचं वाचायच्या आधी फोन उचल.

भारतात म्युच्युअल फंडांना एप्रिल 2022 पासून सगळ्याच ठरावांवर मत द्यावं लागतं. सक्तीने मत मिळतं, विचार मिळत नाही. कसं मत द्यावं ते सुचवणाऱ्या सल्लागार संस्थेचा अहवाल आला की त्यावर डोळे मिटून सही करायचा मोह फार असतो. त्यातून निर्देशांकातले सगळे शेअर धरून बसणाऱ्या निर्देशांक फंडाला तर शेअर विकून बाजूला होता येत नाही. त्याच्या हातात मत आणि चर्चा एवढंच उरतं.

अवघड जागा वेगळीच आहे. ज्या कंपनीच्या ठरावाविरुद्ध तू मत देणार, तिचाच शिल्लक पैसा तुमच्या लिक्विड फंडात (थोड्या दिवसांसाठी पैसा ठेवायच्या फंडात) असू शकतो. मग विक्री विभागातून कुणीतरी चहाला बोलावेल आणि विषय काढेल. अशा वेळी अंतिम शब्द कुणाचा, हे तुमच्या मतदान धोरणात लिहिलंय का? नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात ते शोध, आणि नसेल तर लेखी विचार. उत्तर काय आलं ते मला कळव.

तुझे,
बाबा