पालकाकडे पदविका मागण्याआधी मुलाला वाचायला सांगा

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : मुलांना घरी शिकवणाऱ्या पालकांना डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षकांची पदविका), बी.एड. किंवा टीईटीची (शिक्षक पात्रता परीक्षा) अट घालण्याबाबत

मा. मंत्रिमहोदय,

सप्रेम नमस्कार.

मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणारी कुटुंबे आता फक्त पुण्या-मुंबईत राहिलेली नाहीत, सोलापुरातही ती आहेत. त्यांचा विषय निघाला की शिक्षकांच्या बैठकीत एक सूचना हमखास येते : पालक डी.एल.एड. किंवा बी.एड. झालेला असेल, टीईटी उत्तीर्ण असेल, तरच परवानगी द्या. या पत्रावर सह्या करणाऱ्यांपैकी काही जण शाळेत शिकवतात, काही जण आपली मुले घरी शिकवतात. ही अट घालू नये, असे आम्हा सर्वांचे मत आहे. मात्र आज आहे तसे मोकळे रान राहू द्या, असेही आम्हाला म्हणायचे नाही. तपासणी हवी, चांगली कडक हवी, आणि ती मुलाच्या शिकण्याची हवी.

आधी कायद्याचे. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या कलम १० प्रमाणे मुलाला शेजारच्या शाळेत दाखल करणे हे पालकाचे कर्तव्य आहे. ते न केल्यास शिक्षा सांगितलेली नाही, आणि घरी शिकवायचे असेल तर कुणाला कळवायचे, हेही सांगितलेले नाही. २०१२ च्या दुरुस्तीने तीव्र किंवा बहुविध अपंगत्व असलेल्या मुलांना घरून शिकण्याचा पर्याय मिळाला, बाकीच्यांबद्दल कायदा गप्प आहे. परिणाम असा की घरी उत्तम शिकणारे मूल सर्वेक्षणात ‘शाळाबाह्य’ ठरते. आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेलेले मूलही त्याच रकान्यात असते. दोघांच्या गरजा पूर्ण वेगळ्या आहेत आणि आपल्या खात्याला त्या कागदावर वेगळ्या दिसतच नाहीत.

आता पदविकेकडे. डी.एल.एड. दोन वर्षांचे. त्यात पाठ टाचण, वर्ग व्यवस्थापन, मूल्यमापनाच्या नोंदी आणि आंतरवासिता, म्हणजे शाळेत प्रत्यक्ष शिकवण्याचा सराव असतो. हे सगळे वर्गासाठी आहे. कायद्याने पहिली ते पाचवीला तीस मुलांमागे एक शिक्षक धरला आहे, आणि त्या तिसांना एकाच वेळी पुढे कसे न्यायचे, हे या अभ्यासक्रमाचे खरे काम. एका मुलाजवळ बसून शिकवणाऱ्या आईला त्यातला फार थोडा भाग लागतो. टीईटीचा पहिला पेपर १५० गुणांचा : बालमानसशास्त्र, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास, प्रत्येकी ३० गुण, सगळे बहुपर्यायी. मुलाला जोडाक्षर वाचता येत नसेल तर नेमके काय करायचे, हे त्यातून कळत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालानुसार, पाच वर्षांहून अधिक सेवा शिल्लक असलेल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हायचे आहे. वर्षानुवर्षे शिकवणाऱ्यांचीच ही परीक्षा व्हायची असताना घरातल्या आईकडे ती आधी मागणे न्यायाचे होणार नाही.

शिवाय शासनाने पदविका नसलेल्या पालकावर आजवर अनेकदा विश्वास टाकला आहे. अंथरुणाला खिळलेल्या मुलाकडे समग्र शिक्षा योजनेतून विशेष शिक्षक अधूनमधून येतो. मधल्या सगळ्या दिवसांत आईच शिकवते. म्हणजे ज्याला शिकवणे सर्वांत अवघड, त्याच मुलाच्या आईला आपण प्रमाणपत्र विचारत नाही. करोनाकाळात ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ म्हणताना निम्मा भार घरच्यांनीच उचलला. पहिलीच्या तयारीसाठी ‘पहिले पाऊल’मध्ये माता गट केले, तेव्हा चौथी शिकलेल्या बायकाही त्यात आल्या आणि त्यांचा उपयोग झाला.

तरीही प्रशिक्षणाला काही अर्थ नाही, असे मुळीच नाही. एक उदाहरण देतो. ३०२ मधून १७८ वजा करायला सांगितले की पुष्कळ मुले २७६ लिहितात. प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा करून टाकतात : ८ मधून २, ७ मधून ०, ३ मधून १. जाणत्या शिक्षकाला २७६ दिसताच कळते की हातचा राहून गेलेला नाही, स्थानिक किमतीचाच पाया कच्चा आहे, आणि मधल्या शून्याने तो उघडा पाडला आहे. घरी बहुतेक वेळा उत्तरावर फुली पडते आणि तशीच आणखी दहा उदाहरणे दिली जातात. मूल तीच चूक पक्की करते. उपाय साधा आहे : काड्या, दहा-दहांचे गठ्ठे, दहा गठ्ठ्यांचा शंभरचा जुडगा. ३०२ म्हणजे तीन जुडगे आणि दोन सुट्या काड्या. एक जुडगा सोडून दहा गठ्ठे, त्यातला एक गठ्ठा सोडून दहा सुट्या करायच्या. आता दोन जुडगे, नऊ गठ्ठे आणि बारा सुट्या झाल्या. त्यातून १७८ काढले की १२४ उरतात. हे आठवडाभर हाताने केल्याशिवाय वहीवर आणू नये. कुठलाही पालक ही पद्धत एका दुपारी शिकू शकतो, त्याला दोन वर्षे लागत नाहीत.

घरी नेमके काय बिघडते, याची आम्हाला चांगली कल्पना आहे. वाचनात जोडाक्षरे आणि रफार आला की पालक स्वतःच शब्द सांगून टाकतो. मूल धडा पाठ करते आणि वाचता येते असे सगळ्यांना वाटते. न पाहिलेला उतारा समोर ठेवला की उघडे पडते. इंग्रजी व्हिडिओंवर वाढलेली मुले फाडफाड बोलतात, पण मराठीत सलग एक पान लिहिताना अडतात. पाचवीपर्यंत गाडी बरी चालते. अपूर्णांक, ऋण संख्या आणि विज्ञानाचे प्रयोग आले की सहावी-सातवीत रखडते. सगळ्यांत जास्त नुकसान मात्र नोंदी न ठेवल्याने होते. वहीवर तारीख नाही, काय शिकवले याची टाचणे नाहीत, आणि चौदाव्या वर्षी दाखवायला हाती काहीच नाही.

घरी शिकणे हे मूल लपवण्याचे निमित्तही होऊ शकते, हे सोलापुरात राहून आम्ही विसरू शकत नाही. घरोघरी विड्या वळल्या जातात, यंत्रमाग चालतात. २०१६ च्या दुरुस्तीनंतर बालकामगार कायदा धोक्याचे नसलेल्या घरच्या कामात मुलाला मदत करू देतो, पण शाळेची वेळ संपल्यावर किंवा सुट्टीत. ज्या मुलाला शाळाच नाही, त्याची शाळेची वेळ कोणती? ‘घरीच शिकते’ असे सांगून तेराव्या-चौदाव्या वर्षी मुलीचे लग्न ठरवणाऱ्यांनाही ही आयती ढाल मिळेल. पदविकेच्या अटीने यातले एकही मूल वाचणार नाही. असे घर परवानगीचा अर्ज करायलाच येत नाही. अट अडवेल ती अर्ज घेऊन आलेल्या प्रामाणिक आईला. लपलेले मूल सापडायचे असेल तर कुणीतरी त्याला समोर बसवून पाहिले पाहिजे.

परदेशांतही हा वाद होऊन गेला आहे. कॅलिफोर्नियात फेब्रुवारी २००८ मध्ये अपील न्यायालयाने घरी शिकवणाऱ्या पालकाकडे शिक्षकाचा परवाना हवा असा निकाल दिला. त्याच न्यायालयाने फेरसुनावणीनंतर ऑगस्टमध्ये तो बदलला. वॉशिंग्टन राज्यात शिकवण्यास पात्र ठरण्यासाठी पालकाला काही पर्याय आहेत, त्यांत एका छोट्या अभ्यासक्रमाचाही समावेश आहे. ऑस्ट्रियात पालकाची पदवी न पाहता मुलाची दरवर्षी बाहेरून परीक्षा घेतात. आम्हाला हा शेवटचा मार्ग जवळचा वाटतो, थोडा मवाळ करून.

आमची मांडणी अशी. शाळा जूनमध्ये सुरू होतात. ३० जूनपर्यंत पालकाने गटशिक्षणाधिकाऱ्याकडे, शहरात महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे, एक पानी सूचना द्यावी : मुलाचा जन्मदाखला, माध्यम, कोण शिकवणार, कोणती पुस्तके, सहावीपासून गणित-विज्ञान-इंग्रजीला मदत कुणाची. परवानगी मागायची नाही, पोच घ्यायची. मुलाचे नाव जवळच्या जिल्हा परिषद किंवा महापालिका शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये ‘गृहशिक्षण’ असा शेरा मारून चढवावे आणि सरलमध्ये, म्हणजे खात्याच्या ऑनलाइन विद्यार्थी नोंदीत, त्याला वेगळा रकाना असावा. ही नावे संचमान्यतेच्या, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळायचे ते ठरवण्याच्या पटसंख्येत धरू नयेत, हे आदेशात स्पष्ट लिहा. नाहीतर शिक्षकाचे पद वाचवण्यासाठी कागदोपत्री मुले गोळा होतील आणि सगळी योजना बदनाम होईल.

तपासणी वर्षातून दोनदा व्हावी, दिवाळीनंतर आणि एप्रिलमध्ये, शाळेतच. एका मुलाला चाळीस मिनिटे पुरतात. न पाहिलेला उतारा वाचायला द्या. केंद्राच्या पायाभूत वाचन-गणिताच्या ‘निपुण भारत’ मोहिमेची उद्दिष्टे तयारच आहेत : दुसरीला मिनिटाला ४५ ते ६० शब्द, तिसरीला किमान ६०, तेही अर्थ समजून. गणिताची पाच उदाहरणे त्याच्याकडून तोंडी सोडवून घ्या, म्हणजे उत्तरापर्यंत कसा पोहोचला ते कळेल. तारखा घातलेल्या वह्या चाळा. आणि पालक बाहेर असताना दहा मिनिटे मुलाशी बोला : सकाळी काय करतोस, दुपारी काय, कुणाबरोबर खेळतोस. मुलींशी हे बोलणे शिक्षिकेनेच करावे. सोलापुरात तपासणारा मुलाच्या माध्यमाचा हवा. तेलुगू, कन्नड किंवा उर्दूत शिकणाऱ्या मुलाला मराठीत तपासून मागे ठरवणे अन्यायाचे होईल. पाचवी आणि आठवीला राज्याची जी वार्षिक परीक्षा व पुनर्परीक्षा आहे, तीच या मुलांनाही असावी.

मूल मागे असेल तर सहा महिने द्या आणि त्या काळात मदत करा. वेळापूरच्या डाएटने (जिल्ह्याची शिक्षक प्रशिक्षण संस्था) अशा पालकांसाठी पाच दिवसांचा वर्ग घ्यावा. काड्यांचे गठ्ठे, जोडाक्षरे, अपूर्णांकांच्या पट्ट्या, नोंदी ठेवणे, एवढे त्यात बसते. महिन्यातून एक शनिवार शाळेची प्रयोगशाळा उघडी ठेवावी. सहा महिन्यांनंतरही प्रगती नसेल, किंवा मूल दोन तपासण्यांना आलेच नाही, तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ४ प्रमाणे वयानुरूप वर्गात प्रवेश आणि विशेष प्रशिक्षण. इथे खात्याने मागेपुढे पाहू नये. दहाव्या वर्षीची टीडीची (धनुर्वात-घटसर्पाची) लस आणि आरोग्य तपासणीही याच रजिस्टरवरून व्हावी. शाळेत नसलेली मुले त्यातून नेमकी सुटतात.

शेवटचा मुद्दा दाखल्यांचा, आणि आमच्या दृष्टीने तो सर्वांत निकडीचा. राज्य मंडळाची दहावी खासगी विद्यार्थी म्हणून द्यायची तर फॉर्म नंबर १७ भरावा लागतो आणि त्याला शाळा सोडल्याचा दाखला जोडावा लागतो. मूळ नसेल तर द्वितीय प्रत आणि प्रतिज्ञापत्र. जे मूल शाळेत कधी गेलेच नाही, त्याची ना मूळ प्रत ना द्वितीय. जात पडताळणीलाही शाळेच्या नोंदीच पाहतात. म्हणून पालक एनआयओएसकडे (केंद्राचे मुक्त विद्यालय) वळतात, किंवा ओळखीच्या शाळेत नावापुरता प्रवेश घेऊन ठेवतात. दुसऱ्या मार्गाने शाळा आणि पालक दोघेही खोट्यात अडकतात. जनरल रजिस्टरमधील गृहशिक्षणाच्या नोंदीवरून मिळालेला दाखला फॉर्म १७ साठी आणि पडताळणीसाठी ग्राह्य धरावा, एवढा एक शासन निर्णय निघाला तरी हे थांबेल. त्यासाठी केंद्राच्या कायद्याला हात लावावा लागत नाही.

येत्या जूनपासून सोलापूर शहर, पंढरपूर आणि अक्कलकोट या तीन ठिकाणी ही पद्धत वर्षभर चालवून पाहावी, अशी विनंती आहे. अक्कलकोटला कन्नड माध्यमाची, शहरात चार भाषांची आणि पंढरपूरला ग्रामीण भागाची कसोटी लागेल. तपासणीचा नमुना, एक पानी सूचनेचा मसुदा आणि डाएटच्या पाच दिवसांचे वेळापत्रक आम्ही विनामूल्य तयार करून देऊ. आपण वेळ द्यावा, आम्ही मंत्रालयात येऊ.

आपले,
सोलापुरातील काही शिक्षक आणि मुलांना घरी शिकवणारे पालक