फेरिटिन वाढले म्हणजे लोह साचले, असे नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीतला फॅटी लिव्हरवरचा लेख वाचला. वजन, मधुमेह, व्यायाम हे सारे त्यात नीट आले आहे. खटकले ते एकच विधान : फेरिटिन वाढले म्हणजे शरीरात लोह जास्त झाले.

फेरिटिन लोह साठवणारे प्रथिन आहे हे खरे, पण दाह असला की ते लोह न वाढताही चढते आणि यकृताच्या पेशींना इजा झाली की रक्तात उतरते. म्हणून फॅटी लिव्हर असलेल्यांत आणि रोज पिणाऱ्यांत हा आकडा वाढलेला दिसणे नेहमीचेच. पण रिपोर्टमध्ये तो ठळक छापलेला दिसला की माणूस घाबरतो आणि थेट जनुकीय तपासणीची चौकशी करू लागतो. त्याआधी ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन, म्हणजे रक्तात लोह वाहून नेणारे प्रथिन किती टक्के लोहाने भरले आहे, ते पाहावे. ते ४५ टक्क्यांच्या खाली असेल, तर आनुवंशिक हिमोक्रोमॅटोसिसची, म्हणजे शरीरात लोह साचत जाण्याच्या आजाराची, शक्यता बरीच कमी होते. (मद्यपी रुग्णांत आणि सिऱ्होसिसमध्ये, म्हणजे यकृतात व्रण पडून ते कडक झाले असता, हाही आकडा फसवा ठरू शकतो.)

हिमोक्रोमॅटोसिसशी निगडित एचएफई जनुक १९९६ साली सापडले. आई आणि वडील, दोघांकडूनही त्यातला सी२८२वाय हा बदल आला, तर लोहाच्या शोषणाला आवर घालणारे, यकृतातून येणारे हेपसिडिन हे संप्रेरक कमी पडते आणि आतडे गरजेपेक्षा जास्त लोह शोषत राहते. जादा लोह बाहेर टाकायची सोय शरीरात नाही, ते यकृतात साचत जाते. हा बदल मुख्यतः उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत आढळतो. याच जनुकातला एच६३डी हा दुसरा बदल मात्र जगभर आहे आणि एकट्याने तो क्वचितच लोहाचा आजार घडवतो. रिपोर्टमध्ये तेवढाच सापडला, तर खापर त्याच्यावर फोडून मोकळे होऊ नये.

दारूचे प्रकरण वेगळे. तीही हेपसिडिन दाबते. म्हणजे ज्याच्या जनुकांत आधीच दोष आहे, त्याच्या यकृतात दोन्ही बाजूंनी लोहाची भर पडते. अशांत सिऱ्होसिसचा धोका कितीतरी वाढतो.

जनुकांचीच चर्चा करायची, तर लेखात पीएनपीएलए३ हे जनुक यायला हवे होते. लोहाशी त्याचा थेट संबंध नाही. पण २००८ साली पुढे आलेल्या त्याच्या एका बदलामुळे पेशींतली चरबी नीट मोकळी होत नाही, आणि फॅटी लिव्हर असो की दारूचे लिव्हर, दोन्हींत सिऱ्होसिसची शक्यता वाढते.

हिमोक्रोमॅटोसिसमध्ये ठराविक अंतराने रक्त काढणे हाच मुख्य उपचार आहे. अर्ध्या लिटरमागे साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम लोह जाते. नुसत्या फॅटी लिव्हरमध्ये त्याचा खात्रीचा फायदा सिद्ध झालेला नाही. तेव्हा केवळ फेरिटिन पाहून कोणी रक्त काढून घ्यायला जाऊ नये. पुढच्या पुरवणीत ते विधान दुरुस्त करून छापावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक (निवृत्त पॅथॉलॉजिस्ट)